तुमच्या तारेखाली बारा वर्षं

वस्ताद,

तुमच्याविषयी एक गोष्ट मी बारा वर्षं सांगत आलो. स्टाफरूममध्ये सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. तुम्हाला ती ठाऊक होती. एकदा चहाच्या गाड्यावर मी ती रंगात येऊन सांगत असताना तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. मी अडखळलो, तेव्हा शेवट तुम्हीच पुरा केलात. "आणि मग ह्या म्हाताऱ्यानं पंचा पसरला," असं म्हणून तुम्ही सगळ्यांबरोबर हसलात.

मी, म्हणजे मास्तर, शर्यत जिंकत होतो आणि दस्तगीर वस्ताद घाबरले, एवढीच ती गोष्ट.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. ही गोष्ट मला आता दुरुस्त करायची आहे. ज्यांना ज्यांना सांगितली त्या प्रत्येकाकडे जाणं जमणार नाही, म्हणून लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. चाचींना, तुमच्या घरच्यांना, तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "मग मोठ्यानं वाचा की. कान चांगलं हुतं त्यांचं." पहिल्यापासून सांगतो, कारण वाचणाऱ्यांत तुम्हाला न ओळखणारेही असतील.

तुमचं दुकान लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात. एका अंगाला बैलांना आडवं पाडून खुरांना पत्र्या मारायची जागा, दुसऱ्या अंगाला फटफट्या. तुमचं घराणं नालबंदांचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुम्ही बेळगावला लष्कराच्या खेचरांना नाल मारायला गेलात आणि येताना मोटारसायकली शिकून आलात. पुढे बाजारात बैलगाड्या कमी झाल्या, पण घरचा धंदा तुम्ही सोडला नाहीत, आणि घरचा नियम फटफट्यांनाही लावलात. बैलाच्या खुराची झिजलेली पत्री काढली की ती मालकाला दाखवायची, हा तो नियम. गाडीतून उतरवलेला प्रत्येक भागही तुम्ही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या तारेला टांगायचात. सोबत टिनाचा एक तुकडा, त्यावर छिन्नीनं काढलेली गिऱ्हाइकाची खूण. डॉक्टरांची खूण अधिकाची, पाटलांची नांगराची. माझी खूण पाटी, म्हणजे एक चौकोन आणि वर दोरीसाठी भोक. "काय उतरलं ते गिऱ्हाइकाला दिसलं पायजे," तुम्ही म्हणायचात. "न्हायतर त्यो चोर म्हणतोय."

मी तुमच्याकडे आलो तो भाताच्या ट्रकमधून. परीक्षेच्या कामासाठी चंदगडला गेलो होतो, तिथं एका निवृत्त सुभेदारांच्या गोठ्यात एक जुनी इंग्रजी साडेतीनशे सीसीची फटफटी उभी दिसली. चंदगडचा पाऊस सहा वर्षं खाऊन ती जागच्या जागी गंजली होती. "घेऊन जा," सुभेदार म्हणाले, "निदान म्हशीला जागा हुईल." ट्रकवाल्यानं ती तुमच्या दारात उतरवली. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत, सायलेन्सरमध्ये बोट घालून कुंभारमाशीचं मातीचं घर बाहेर काढलंत आणि तळहातावर ठेवलंत.

"मास्तर, हितं तर कुणाचा तरी संसार चाललाय. काय करायचं हाय हिचं?"

"शर्यतीत पळवायची आहे."

तुम्ही हसला नाहीत. "आधी कुठली चालवलीया?"

"सायकल."

"मग बरं हाय. वाईट खोड न्हाय लागलेली."

शर्यत कशाला, हे तुम्ही त्या दिवशी विचारलं नाहीत आणि नंतरही नाही. आज सांगतो. माझे वडील कुरुंदवाडजवळच्या गुऱ्हाळात गुळव्या होते. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे बुडबुड्यांवरून ओळखायचं, हा त्यांचा धंदा. आमच्या घरात आणि भावकीत पहिला ग्रॅज्युएट मी. सगळे माझ्याकडे बघत असल्यामुळे मला नापास होण्याची मुभा कधी नव्हती, म्हणून जिथं नापास होण्याची शक्यता असेल तिथं मी फिरकतच नसे. बीएस्सी झालो, कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि थांबलो. एमएस्सी करावी असं मनात होतं, पण धीर होत नव्हता. हरता येईल असं काहीतरी एकदा करून बघायचं होतं मला. हे तेव्हा मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

पहिल्याच रविवारी तुम्ही माझं घड्याळ काढून खिळ्याला अडकवलंत. "दुकानात आलास की तू. भाईर गेलास की तुमी," म्हणालात. त्या दिवसापासून आठ महिने, सुट्टीच्या दिवशी आणि शाळा सुटल्यावर, मी 'तू' होतो. घराबाहेर मला तू म्हणणारं कोल्हापुरात दुसरं कुणी नव्हतं.

पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसला होता. मी हातोडा उचलला, तुम्ही तो काढून घेतलात. त्यात रॉकेल ओतलंत आणि रोज संध्याकाळी लाकडाच्या हातोडीनं दोन टिचक्या मारायच्या, तिसरी मारायची नाही, असं सांगितलंत. आठ दिवस तसंच. मी वैतागून म्हणालो, "वस्ताद, तापवून बघू या का?" तुम्ही म्हणालात, "बैल बसला तर त्याच्या शेपटाला जाळ लावतूस काय?" नवव्या दिवशी दुसऱ्या टिचकीला पिस्टन केसभर हलला. त्या आनंदात तुम्ही मला बोळाच्या तोंडावरून भजी आणायला पाठवलंत.

हात काळे होत गेले तसं मला वाटायला लागलं की मला कळायला लागलंय. सहाव्या महिन्यात मी फळ्यावर गणित मांडून तुमच्याकडे आलो. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, लेथवर तासून थोडं पातळ केलं की काँप्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढेल आणि गाडीत जोर येईल. गणित बरोबर होतं. तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलंत.

"जोर यील," तुम्ही म्हणालात. "पर हाडं जुनी हायत तिची."

"हाडं म्हणजे काय? पुस्तकात असं काही नाही वस्ताद. आकडे आहेत."

"आकडं नव्या गाडीचं असत्यात. ही काय नवी हाय?"

मी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः हेड पिशवीत घालून उद्यमनगरच्या वर्कशॉपात गेलात आणि तासून आणलंत. मला वाटलं, मी तुम्हाला पटवलं. तुम्हाला पटलं नव्हतं, एवढंच आता कळतं. गाडी माझी होती आणि शिकणाराही मीच होतो.

मग माळावरचं शिकणं. तिथंही मी 'तू'च. शर्यत होणार होती ती मुरमाड माळावर, फक्कीनं आखलेल्या वाटोळ्या रिंगणात, कायम डावीकडे वळत. वळणावर गाडी डावीकडे पाडायची आणि डावा पाय जमिनीवर घासत ठेवायचा, हे तुम्ही बेळगावला गोऱ्या सोल्जरांना करताना बघितलं होतं. मी दोन महिन्यांत तीन वेळा बुटाचा तळ बदलून घेतला. शेवटी चांभार म्हणाला, "मास्तर, एका पायानंच चालता काय?" हे तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही माझा डावा पाय मांडीवर घेतलात, बैलाचं खूर बघावं तसा उलटासुलटा करून बघितलात आणि लोखंडाची एक पत्री घडवलीत. टाचेपासून चवड्यापर्यंत, पुढून जरा वर वळवलेली, आणि बुटाला बांधायला चामड्याचे दोन पट्टे.

"बैलाला आठ लागत्यात," तुम्ही म्हणालात. "तुला एक पुरं."

ती पत्री बांधून पहिल्यांदा वळण घेतलं तेव्हा दगडावर ठिणग्या उडाल्या. मी घाबरून गाडी थांबवली. माळाच्या कडेला तुम्ही पोट धरून हसत होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता, असं आज लिहिलं तर माझ्या बायकोला राग येणार नाही. तिला हे माहीत आहे.

दुष्काळ सरून पहिला बरा पाऊस होऊन गेला होता. दिवाळीनंतर एका तालमीच्या पोरांनी माळावर फटफट्यांची शर्यत ठेवली. कोल्हापुरात ती कशी होणार, कुस्तीच्या मैदानासारखीच झाली. सगळ्यांनी एकदम पळायचं नाही, दोघादोघांची जोड लावायची. वस्ताद मंडळी फक्कीच्या रेषेजवळ उकिडवी बसून गाड्या आणि माणसं निरखत होती. माझी जोड बापूशी लागली. बापू कागलकडचा ऊसवाला, अंगानं दांडगा, गाडी कोरी करकरीत. त्याच्या वस्तादानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"दस्तगीरभाई, तुमचं मास्तर पडलं तर शाळा बंद पडंल की."

"शाळंला सुट्टीच हाय," तुम्ही म्हणालात. "तुमच्या पावण्याला गाडीवर बसायला सांगा. ऊस वाळाय लागलाय."

हलगी वाजायला लागली. मला बाजूला घेऊन तुम्ही गाडीच्या टाकीवर माझा हात ठेवलात आणि वर तुमचा. "मी खांद्यावरचा पंचा दोन्ही हातांनी पसरला की पेट्रोलची मूठ सोडायची, क्लच दाबायचा, इंजिन बंद करायचं. इच्यारायचं न्हाय. व्हय म्हण."

मी व्हय म्हणालो.

पाच फेऱ्यांची जोड होती. पहिल्या दोन फेऱ्यांत बापू पुढे होता. सरळ पट्टीवर त्याची गाडी पळायची, वळणावर माझी. तो पाय उचलून भीत भीत वळायचा, मी पत्री घासत आत घुसायचो. तिसरीत त्याच्या मागच्या चाकाला आलो. चौथीत बरोबरीला. चौथी संपता संपता मी अर्धं चाक पुढे होतो. हे मी बारा वर्षं सांगितलं ते खरं आहे, वस्ताद. तिथवरची गोष्ट खरी आहे.

चौथी संपवून तुमच्या समोरून जाताना एक विचित्र गोष्ट दिसली. तुम्ही हलगीवाल्याच्या हलगीवर पंजा ठेवून ती बंद केली होती आणि मान वाकडी करून माझ्याकडे कान केला होता. डोळे मिटले होते तुमचे. मी वळण घेऊन पलीकडच्या पट्टीला आलो, शेवटची फेरी अर्धी झाली. डावीकडे बघितलं तर रिंगणापलीकडे तुम्ही दोन पावलं आत येऊन पंचा पसरून उभे होता.

मी मूठ सोडली. क्लच दाबला. इंजिन बंद केलं. बापू माझ्या बाजूनं पुढे गेला आणि जिंकला.

"मास्तर, घंटा झाली काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि माळभर हसं झालं. तुम्ही धावत आलात आणि आधी माझ्याकडे नाही, इंजिनकडे वाकलात.

"का?" मी विचारलं.

"आवाज आला."

"मला नाही आला."

"तुला कसा यील. तू वर बसलातास."

"अर्धी फेरी राहिली होती वस्ताद."

"व्हय. अर्धी फेरी."

मी खाली बसलो, पट्टे सोडले आणि पत्री तुमच्या पायाशी फेकली. "घाबरलात तुम्ही," म्हणालो. तुमच्या वयाच्या चार वस्तादांसमोर म्हणालो. मग कुणाच्या तरी सायकलवर डबलसीट बसून निघून गेलो. तुम्ही गाडी चालू न करता माळापासून लक्ष्मीपुरीपर्यंत ढकलत नेलीत, एकट्यानं, हे मला दुसऱ्या दिवशी पानवाल्याकडून कळलं. कळल्यावरही मी आलो नाही.

दोन आठवडे गेलो कुरुंदवाडला. वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. ते काहिलीजवळ बसले होते. "त्येनी बघितलं का ऐकलं?" त्यांनी विचारलं. ऐकलं, मी म्हणालो. "मग ऐकलं असंल." एवढ्यावर मी चिडलो, तर म्हणाले, "मी काहील उतरीवतो तवा मालक रोज म्हणतो, आणि दोन मिनिटं ठेव. मी न्हाय ठेवत. आता त्येला करपल्याला गूळ मी कुठनं दावू? करपूच दिला न्हाय तर?"

मला ते पटलं नाही. मी विज्ञानाचा शिक्षक होतो. पुरावा पाहिजे होता मला.

परत आलो तेव्हा गाडी दुकानाच्या कोपऱ्यात पुसून, ताडपत्री घालून उभी होती. माझी पत्री तारेला टांगलेली होती, मी बसायचो त्या स्टुलाच्या बरोबर वर. मला ते टोमण्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "माझ्यासमोर इंजिन उघडा. आत काय मोडलंय ते दाखवा, मी माफी मागतो."

तुम्ही म्हणालात, "किक मारून बघा की, मास्तर."

मी दुकानात उभा होतो आणि तुम्ही 'मारून बघा' म्हणालात. घड्याळ माझ्या मनगटावरच होतं. ते मी काढलं नाही, आणि तुम्हीही काढा म्हणाला नाहीत. त्या दिवसापासून मी कायमचा 'तुमी' झालो.

मग ते आपलं ठरूनच गेलं. मी रविवारी यायचो, स्टुलावर बसायचो, चहा यायचा. मी विचारायचो, "उघडायची?" तुम्ही म्हणायचात, "किक मारा की." मी म्हणायचो, "आधी उघडा." तुम्ही म्हणायचात, "आधी चहा प्या." लोकांना वाटायचं आपण थट्टा करतो. आपणही थट्टाच करत होतो, पण तिच्याखाली मी एक हट्ट धरून बसलो होतो. मी त्या गाडीला पुन्हा हात लावला नाही.

शर्यतीनंतर सहा महिन्यांनी मी बिनपगारी रजा घेतली आणि विद्यापीठात एमएस्सीला नाव घातलं. लोकांनी विचारलं, एवढी हिंमत कुठून आली? मी सांगायचो, मी हरलो नव्हतो, मला थांबवलं होतं. त्या वाक्यावर मी दोन वर्षं अभ्यास केला. पास झालो, कॉलेजात लागलो. आजही वर्गात उभा राहताना कधी धीर सुटला तर ते अर्धं चाक आठवतो. पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही पेढा कपाळाला लावून खाल्लात आणि चाचींना हाक मारून म्हणालात, "ऐकलंस काय, आपली गाडी पयली आली."

पण त्याच वाक्यानं तुमचं काय केलं, तेही लिहिलं पाहिजे. त्या आधी शर्यतीच्या चार-पाच गाड्या तुमच्या दारात असायच्या. माझी गोष्ट गावभर फिरली आणि पोरं म्हणायला लागली, दस्तगीर भितो, ऐन वेळी पंचा पसरतो. एकेक गाडी दुसरीकडे गेली. शेवटी शेवटी तुमच्याकडे शेतातली डिझेल इंजिनं राहिली आणि पत्र्या मारायला येणारे दोन-चार बैल. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की मास्तर, ती गोष्ट सांगू नका.

शेवटच्या रविवारी तुम्हाला खोकला होता. खाट दुकानाच्या दारात टाकली होती. चहा तुम्ही अर्धाच घेतलात.

"मास्तर, एकदा किक मारून बघा की."

मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते. "पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

"बरं," म्हणालात. गुरुवारी तुम्ही गेलात. खांदा देताना तुमचं वजन किती कमी झालं होतं ते कळलं.

तिसऱ्या दिवसाची जियारत होऊन दोन आठवडे झाले आणि चाचींचा निरोप आला. दुकानाची जागा सोडायची आहे, तुमची गाडी तेवढी न्या. मी रविवारी सकाळी आलो. तारेवरचं सगळं तसंच होतं. गाडी नंतर बघू, आधी माझी पत्री काढू म्हणून मी स्टुलावर चढलो. बारा वर्षं ज्याच्यावर बसलो त्या स्टुलावर पहिल्यांदा उभा राहिलो. पत्री बाजूला केली तर तिच्या मागे, त्याच तारेच्या वेढ्यात, आणखी एक वस्तू होती. बांगडीएवढी एक पितळी कडी. कनेक्टिंग रॉडच्या बुडाशी जे बेरिंग असतं, त्यातले रोलर जागच्या जागी धरून ठेवणारी कडी. ती दोन ठिकाणी तडकलेली होती. एक तडा आरपार गेला होता आणि दुसऱ्याला जेमतेम नखाएवढं पितळ शिल्लक होतं. सोबत टिनाचा तुकडा. त्यावर एक चौकोन, आणि वर दोरीसाठी भोक.

त्या वेगात ती कडी सुटली असती तर इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं, मागचं चाक अडकलं असतं आणि बापूच्या गाडीपुढे मी मुरमावर पडलो असतो. काँप्रेशन वाढवून त्या जुन्या हाडांवर भार टाकणारा मीच. हे सगळं कळायला मला फळा लागला नाही. मी स्टुलावरून खाली उतरलो आणि तिथंच बसलो.

चाची दारात उभ्या होत्या. "सापडलं काय?" त्यांनी विचारलं.

"चाची, हे कधी उतरवलं?"

"शर्यतीच्या दुसऱ्याच दिशी उघडली की त्येनी. तुमी गावाकडं गेलता. नवी कडी करून घ्यायला तीनदा उद्यमनगरला गेले. सगळी जोडून ठेवली तुमी यायच्या आधी."

"मग मला दाखवलं का नाही?"

"मी काय कमी बोलले? मास्तर गावभर बोंबलत्यात, दावा की त्यास्नी, म्हटलं. तर म्हणले, दावू की. मग ते तुमचं शिकायचं निघालं. मी परत म्हटलं. तर म्हणले, त्यो आपण हरलो न्हाय म्हणून पुढं शिकाय लागलाय, शिकू दे." चाचींनी पदरानं डोळे पुसले, मग हसल्याही. "आणि म्हणले, मी काय लपवलंय व्हय? रीतीपरमाणं टांगलंय. वर बघितलं की दिसंल."

चाचींच्या तोंडून तुमचा तो 'त्यो' ऐकला. माझ्या माघारी मी दुकानातला 'तू'च राहिलो होतो.

मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिळ्याला अडकवलं. ताडपत्री ओढली. टाकीत पेट्रोल होतं. "दर जुम्म्याला चालू करायचे," चाची म्हणाल्या, "आता तीन आठवडे झाले बघा." पहिल्या किकला काही झालं नाही, दुसरीला ती नुसती खोकली, तिसरीला लागली. बोळातली कबुतरं उडाली. तुमचा लांब स्क्रूड्रायव्हर भिंतीला होता. तुम्ही करायचात तसं त्याचं टोक इंजिनच्या अंगाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. माळावर तुम्हाला जो आवाज ऐकू आला होता तो मी शोधत होतो. दुसऱ्या हातानं गाडीची मूठ पिरगाळून बघितली, सोडून बघितली. बराच वेळ तसाच उभा होतो.

"काय येतंय ऐकायला?" चाचींनी विचारलं.

"काही नाही, चाची."

"मग बरं हाय की."